पडद्यावरचं कुलूप

स्टेजवर उभा राहून माझा मुलगा हसला, ते मला आवडलं नाही. मागच्या रांगेतल्या एका टकल्या माणसानं त्याला सरळ विचारलं होतं, "त्या बाईनं नवऱ्याला मुद्दाम कोंडून मारलं का? तेवढं सांगा." हो नाहीतर नाही, एका शब्दाचं काम. आणि ज्या बाईवरून त्यानं तो सिनेमा काढला ती, म्हणजे मी, तिसऱ्या रांगेत ठेवणीतले कपडे घालून बसले होते. माझ्या मुलानं माइक या हातातून त्या हातात घेतला आणि म्हणाला, "ते मी तुमच्यावर सोडतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शेजारी माझी नणंद होती, ह्यांची थोरली बहीण. मघापर्यंत माझा हात धरून बसली होती, अंधारात पायरी चुकेल म्हणून. तिनं हात काढून घेतला आणि पिशवी पोटाशी धरली.

सिनेमा म्हणाल तर एवढासा. एक म्हातारा, एक बाई, एक घर. बाई रोज सकाळी दाराला बाहेरून कुलूप घालते आणि इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला जाते. म्हातारा खिडकीत उभा. कुणी कुणाशी बोलत नाही, जसं काही बोलायला पैसे पडतात. एक दिवस बाई वाटेत बाकावर बसते, चपला काढते, ऊन अंगावर घेते आणि डोळे मिटून थोडी हसते. घरी येते तर म्हातारा दाराच्या आतल्या अंगाला पडलेला. संपलं. दिवे लागले.

आता खरं काय ते ऐका. हे बस चालवायचे. नोकरी सुटली आणि दोन-चार वर्षांत डोकं उतरत गेलं. मला ओळखेनात, पण डेपोचा रस्ता पायांना पाठ. अंधार असतानाच उठून चालू लागायचे. एकदा तर कुणाचं लक्ष नाही बघून बस चालू केली आणि फाटकापर्यंत नेली. फाटकात झाडणारी बाई उभी होती. तिचं नशीब बलवत्तर. डेपोचे साहेब घरी येऊन हात जोडून म्हणाले, "बाई, ह्यांना आवरा, नाहीतर एखाद्याचा जीव जाईल." तेव्हा कुलूप आलं. धुलाईघरातली माझी पाळी बुडाली तर चूल बंद, मग बसणार कोण ह्यांच्यापाशी?

सिनेमात बस नाही, डेपो नाही, ती झाडणारी बाई नाही. हे सगळं होतं ते पुस्तिकेत. गुळगुळीत कागदाची पुस्तिका, दारात एकेक हातात देत होते. आत उकडत होतं, तर निम्म्या बायकांनी तिचा पंखा केला. आणि माझ्या नणंदेला लांबचं दिसतं, जवळचं दिसत नाही. पडदा तिनं सगळा पाहिला.

ह्यांच्या दुखण्यात ती दूर, आपल्या संसारात होती. आली ती शेवटचं तोंड बघायला. पुढे तिचंही माणूस गेलं, तेव्हा मीच तिला आणली. माझ्या हातचा चहा घेतल्याशिवाय तिचा दिवस उजाडत नसे.

दुसऱ्या दिवशी मी बाजाराला निघाले तर दारात उभी.

"वहिनी, किल्ली माझ्याकडे दे."

"अहो वन्सं, बाजारात चाललेय मी. आत्ता येते."

"म्हणूनच म्हणते. तू जा. मी आतून लावून घेते."

किल्ली दिली. काय करणार? भाजी घेताना काय घेतलं ते मला घरी आल्यावर कळलं.

मुलाला बोलावणं धाडलं. संध्याकाळी आला, पुस्तिका घेऊनच. नणंदेला खुर्चीत बसवलं आणि स्वतः खाली बसून वाचू लागला, "येथे कुलूप हे काळजीचे रूप आहे. स्मृती हरवलेल्या पतीला..."

"थांब," नणंद म्हणाली. "हे कुणी लिहिलं?"

"मी, आत्या."

"आणि सिनेमा?"

"तोही मीच."

"मग हे तिथं का नाही घातलंस?"

तो हसला. तेच हसू. "आत्या, सगळं दाखवलं की सिनेमा मरतो. थोडं धूसर ठेवावं लागतं. बघणाऱ्याला त्याची त्याची जागा द्यावी लागते."

"आमची जागा गेली त्यात," मी म्हटलं.

"आई, तू बसायचीस ना त्या बाकावर? तूच सांगितलं होतंस."

"बसायचे."

"मग? दमलेली बाई आहे, तिला घटकाभर बरं वाटतं. मला एवढंच दाखवायचं होतं."

"ते दाखवलंस. कशानं दमली ते कागदावर टाकलंस."

त्यानं पुस्तिकेचं पान उलटलं. नणंदेनं त्याच्या हातावर हात ठेवून ते मिटवलं. म्हणाली, "बाळा, तू चांगलं वाचतोस. मी ऐकलं. पण डोळे मिटले की मला माझा भाऊ दाराशी पडलेलाच दिसतो. त्याला मी काय करू?" उठली, भिंतीला धरून आपल्या खोलीत गेली. कडी लागल्याचा आवाज आला. इतक्या वर्षांत त्या खोलीला कडी आहे हे आमच्या ध्यानातही नव्हतं.

मुलाचं तोंड उतरलं, नाही म्हणत नाही. शेवटी माझ्याच पोटचा. हळूच म्हणाला, "पुढच्या खेळाला मी आधी उभा राहून सगळं समजावतो."

"आणि तू नसशील तिथं?"

"तिथं पुस्तिका असेल."

मी त्याच्यापुढचा कप उचलला. चहा तसाच होता, साय धरलेला.

"ते कुलूप कुणी आणलं होतं रे?" मी विचारलं.

तो पुस्तिकेची गुंडाळी करू लागला.

"तू आणलंस. दाराला लावून, दोनदा ओढून दाखवलंस. म्हणालास, आई, हे बाबांना उघडणार नाही, तू निर्धास्त जा. सिनेमातल्या बाईला मूलच नाही. म्हटलं, कागदात तरी असेल. दुपारभर एकेक अक्षर लावत बसले. तिथंही तू नाहीस."

"आई, ते कथेच्या दृष्टीनं..."

"धूसर-बिसर काही नाही त्यात. माझं तोंड लख्ख दाखवलंस आणि स्वतःचं झाकलंस. भित्रा आहेस तू, दुसरं काही नाही. नीघ आता. आणि जाताना दार ओढू नकोस, उघडंच राहू दे. तुझी आत्या आत आहे, तिला भीती वाटते."