सून कशानं वारली?

"अजून घाला, मावशी. कोपरापर्यंत धुवावे लागतात," मी म्हणाले आणि माझ्या सासूनं निमूटपणे तांब्या पुन्हा वाकडा केला.

दवाखान्यात अनोळखी बाईला आम्ही मावशी म्हणतो. सासूला, शालूबाईला, मी इतकी वर्षं आत्या म्हणत होते. दारात तिनं मला ओळखलं, शिवी द्यायला तोंडही उघडलं होतं. पण माझ्यामागे आमच्या नर्सिंग कॉलेजच्या मॅडम उभ्या होत्या. सरकारी माणसं आहेत असं समजून तिनं शिवी गिळली.

घरभेटीला गेलं की आधी वर्तमानपत्र अंथरायचं, त्यावर बॅग ठेवायची, घरच्यांकडून पाणी मागून हात धुवायचे आणि मगच बॅग उघडायची. वर्गात हे शिकवलं त्याच दिवशी मी ठरवलं होतं, हे पाणी कुणाच्या हातून घ्यायचं ते. गावात पोस्टिंग लागलं तेव्हा बाकीच्या मुलींनी रस्त्यालगतची घरं मागितली. मी आंदर मावळातलं हे डोंगराच्या अंगाचं शेवटचं घर मागून घेतलं. मॅडमना माझं कौतुक वाटलं. मी माहेरच्या आडनावानं शिकते, त्यांना बिचाऱ्यांना काय कळणार!

नवरा, निलेश, वापीला गेला आणि तिथं दुसरं घर मांडून बसला. या घरात त्याला कुणी चुकूनही बोल लावला नाही. मला नर्सिंगला प्रवेश मिळाला तेव्हा मी शालूबाईच्या पाया पडले. म्हटलं, लेकीला, प्रेरणाला, फक्त माझ्या ड्युटीपुरती सांभाळा. "लोकांची घाण काढाया चाललीस, आन पोर आमच्या गळ्यात? पोरगी तुजी, हौस तुजी," असं म्हणून तिनं पाय मागे घेतले होते.

मग लोणावळ्यात खोली घेतली. शेजारची विठाबाई चिक्कीच्या कारखान्यात पॅकिंगला जाते. तिच्या जिवावर माझ्या ड्युट्या झाल्या. पण एका परीक्षेच्या दिवशी विठाबाई गावी गेलेली आणि प्रेरणा तापानं फणफणलेली. मी सासूला फोन लावला. तिनं ऐकून घेतलं आणि ठेवून दिला. पोरीच्या उशाशी पाणी आणि बिस्किटांचा पुडा ठेवला, बाहेरून कुलूप घातलं आणि पेपरला गेले. परत येऊन कुलूप काढलं, दार ढकललं तर ते उघडेना. पोर आतून दाराला टेकूनच झोपली होती. त्या दुपारपासून मला या बाईवर सूड उगवायचा होता. लोक याला काही का म्हणेनात.

शालूबाईचं बीपी बरंच जास्त निघालं. मीठ कमी करा, उद्याच सरकारी दवाखान्यात जाऊन गोळी सुरू करा, हे सगळं मी नीट समजावून सांगितलं. त्यात खोटेपणा केला नाही. मग वही उघडून प्रश्न विचारायला बसले.

"घरात माणसं किती?"

"येकटीच हाय."

"मुलगा?"

"वापीला असतो, कंपनीत."

"सून?"

तिनं माझ्याकडं रोखून पाहिलं. "मेली."

मॅडम हळहळल्या. मला मात्र आतून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. घरातल्या मृत्यूची चौकशी आम्हाला करावीच लागते.

"कशानं वारली?"

"तापानं," ती अडखळत म्हणाली.

"दवाखान्यात नेलं होतं?"

"न्हाई."

"का नाही नेलं?"

"कोन नेनार? कुनी नव्हतं घरी."

"तुम्ही कुठं होता?"

"हितंच व्हते."

"अहो मावशी!" मॅडम भडकल्या. "तरणीताठी सून तापानं गेली आणि तुम्ही घरात बसून राहिलात? माणुसकी म्हणून काही आहे की नाही?"

शालूबाईनं कपाळावरचा घाम पदरानं टिपला. मी तिला उसंत देणार नव्हते.

"नातवंडं?"

"येक नात."

"तीपण गेली?"

"त्वांड सांभाळून बोल!" ती एकदम कडाडली. "जित्ती हाय माजी नात. लय ग्वाड पोर हाय."

"सांभाळतं कोण तिला?"

"तिची आय," ती बोलून गेली.

"आई तर वारली म्हणालात ना?" मॅडमनी विचारलं.

शालूबाई तांब्या उचलून कोपऱ्यात ठेवायला गेली. मॅडम माझ्या कानाशी पुटपुटल्या, "वय झालं की होतं असं," आणि घरामागच्या पिंपात डासांच्या अळ्या आहेत का ते बघायला बाहेर गेल्या.

त्यांची पाठ वळताच सासू जवळ आली. "केवढी झाली गं?"

या एका प्रश्नासाठी मी सगळा अपमान जपून ठेवला होता. पुढचे दोन दात पडलेत, पाढे घडाघडा म्हणते, नाक तर हुबेहूब तुमचं आहे, हे सांगता आलं असतं. ओठांवर आलंही होतं.

"आम्ही नातेवाइकांशिवाय कुणाला माहिती देत नाही, मावशी."

ती भांडेल, हाकलून देईल, असं गृहीत धरूनच मी आले होते. उत्तरंसुद्धा पाठ होती.

"बरं, बाई," ती म्हणाली. बीपीसाठी वर सरकवलेली बाही तिनं खाली ओढली आणि वॉर्डाबाहेर थांबवलेली माणसं उभी राहतात तशी भिंतीशी सरकून उभी राहिली.