जमिनीवरची घंटा

मनोरा पडला तेव्हा सातुरिओ जेवत होता. आधी भिंत हादरली, मग खिडकीतून विटांची तांबडी धूळ आत आली. त्याची बायको ओरोसिया दाराकडे धावली. सातुरिओने उठून खिडकी लावली, मसुराच्या आमटीवरची धूळ चमच्याने काढली आणि पुन्हा जेवायला लागला.

त्या मनोऱ्यात त्याच्या आजाने घंटा वाजवली, मग बापाने, मग त्याने. आमच्या वाल्देसिएर्सोत पाहुण्याला दाखवण्यासारखं तेवढंच होतं. टेकडीवरच्या किल्ल्याची एक भिंत उरली आहे, आणि वेशीच्या कमानीत म्हातारे सावलीला बसतात. मनोरा मुसलमान गवंड्यांनी मशिदीसाठी बांधला होता. पुढे ख्रिस्ती राजाने गाव घेतलं आणि त्याच्यावरच घंटा चढल्या. यादवी युद्धात त्या वितळवायला नेल्या. बार्बारा नावाची मोठी घंटा तेवढी सातुरिओच्या आजाने गवताच्या गंजीत लपवली होती, म्हणून वाचली.

हिवाळ्यात मनोऱ्याला भेगा पडल्या, तेव्हाच वर जायला बंदी झाली होती. त्यामुळे कुणाला इजा झाली नाही. तरी मयताच्या घरी जातात तसे आम्ही सगळे सातुरिओकडे गेलो.

"काका, थोडं रडा हो," सरपंच लेआंद्रा म्हणाली. "मोकळं वाटेल."

"कशाला? मेलं तर कुणी नाही."

"कबुतरं मेली," ओरोसिया म्हणाली.

टीव्हीवाले आले. मनोरा पडताना काय वाटलं, असं त्यांनी विचारलं. "आवाज मोठा झाला," एवढंच तो बोलला. त्यांनी बराच वेळ वाट पाहिली आणि कॅमेरा दुसरीकडे वळवला.

उन्हाळाभर तो असाच होता. सकाळी चौकात जाऊन ढिगाऱ्यासमोर बसायचा, हाक मारली की घरी यायचा. एकदा ओरोसियाने रश्श्यात मुद्दाम दुप्पट मीठ घातलं. त्याने पूर्ण ताट संपवलं.

"खारट लागलं नाही?"

"लागलं."

"मग बोलायचं की."

"काय बोलायचं?"

ग्रामपंचायतीच्या गच्चीवर लाउडस्पीकर बसला. त्यातून तासातासाला कुठल्यातरी परक्या गावच्या घंटेचा टेप केलेला आवाज यायचा. लोक चिडले, सह्या गोळा करायला निघाले. सातुरिओ म्हणाला, "वेळ बरोबर सांगतो की." आणि सही केली नाही.

शरदात फेर्मीन मेंढपाळ वारला. पत्त्यांच्या डावात तो सातुरिओचा जन्मभराचा जोडीदार, आणि अलीकडे ठार बहिरा. त्याची मुलगी नुनिला काळे कपडे घालून आली.

"बाबांनी बजावलंय, मला त्या लाउडस्पीकरने पोचवू नका म्हणून. काका, तुम्ही बार्बारा वाजवा."

"ती ढिगाऱ्यातून काढून गोदामात टाकलीय. काठ फुटलाय. पातेल्यासारखी वाजेल."

"वाजू दे. त्यांना कुठे ऐकू येणार आहे?"

सातुरिओने बूट मागितले.

लोकरीच्या गोदामासमोर पोरांनी ट्रॅक्टरच्या लोखंडी हाताला साखळी बांधली आणि घंटा उचलली. सातुरिओने लाकडी हातोडा घेतला. अंत्ययात्रा जवळ आली तसा त्याने पहिला ठोका दिला. आवाज चिरका निघाला. पुरुषासाठी तीन ठोके, बाईसाठी दोन, असा आमचा रिवाज. तीन झाले. सातुरिओ थांबला नाही. चौथा झाला, पाचवा झाला. शवपेटी नेणारे जागीच उभे राहिले. पाद्रीबाबा काहीतरी बोलायला गेले, पण लेआंद्राने त्यांची बाही धरली. सातुरिओ मान खाली घालून ठोके देत राहिला. शेवटी ओरोसिया पुढे झाली आणि तिने त्याच्या हातून हातोडा काढून घेतला. पेटी पुढे निघाली.

घरी आल्यावर तिने त्याचे तळहात उघडून पाहिले. कातडी सोलली होती. ती ऑलिव्हचं तेल लावायला लागली तसा त्याने हात मागे ओढला.

"दुखतंय?"

"दुखतंय. हळू लाव."

तिने हळू लावलं. नंतर परसात जाऊन ती बराच वेळ नाक पुसत होती, असं शेजारीण सांगते.

मनोरा अजून उभा राहिलेला नाही. नकाशे येतात, मिटिंगा होतात. मयत झाली की पोरं ट्रॅक्टर काढतात आणि सातुरिओ बार्बारा वाजवतो. रिवाजाप्रमाणे, मोजून. त्याचा चेहरा मात्र तसाच असतो.