पैलवानाच्या मापाची झडप

मी एक झडप बोलतेय. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला, अगदी खाली, मांजराला ये-जा करता यावी म्हणून मला बसवली होती. उंची जेमतेम वीतभर, त्यामुळे माणसांचे चेहरे मला फारसे ठाऊक नाहीत. मी त्यांना टाचांवरून ओळखते.

माझा जन्म कपाटाच्या उरलेल्या फळीतून झाला. हात सुताराचे, पण माप घरमालकांचं. ते जन्मभर शिंपीकाम केलेले, सगळे त्यांना मास्तर म्हणतात. टेप अजून त्यांच्या गळ्यातच असते. अंघोळीपुरती काय ती खुंटीवर जाते.

घरच्या बोक्याचं नाव पैलवान. मास्तरांनी त्याला टेबलावर उभा केला, खांदा मोजला आणि कागदावर लिहिलं, साडेचार इंच. खांदा बसला की बाकीचं अंग आपोआप बसतं, असं त्यांचं ठाम मत. सुतार म्हणाला, पोटही बघा, दोन बोटं जास्त ठेवू. मास्तरांना तो अपमान वाटला. त्यांच्या हातचा सदरा कधी उसवावा लागला नव्हता, आणि आता एका बोक्यासाठी ढगळ काम करायचं?

सुरुवातीला आमचं छान जमलं. पैलवान बाहेर जायचा, बाहेर गेल्यावर त्याला आत काहीतरी राहिल्याचं आठवायचं, आत आला की पुन्हा बाहेरचं. दिवसातून चाळीस वेळा डोक्याची धडक खाऊनही मी कधी तक्रार केली नाही.

पुढे मात्र तो माझ्यात अडखळू लागला. माप चुकणं शक्यच नव्हतं, म्हणून मास्तरांनी ठरवलं की बोकाच सुटलाय. त्याची वाटी अर्धी झाली. मास्तरांच्या पत्नी, काकू, त्यांची पाठ वळली की चमचाभर जास्त घालायच्या, तरी पैलवानाचा चेहरा वाळला. पोट मात्र कमी होईना. बाहेर चोरून खातो, असा मास्तरांनी निकाल दिला.

खरं काय ते मला एकटीला माहीत होतं. एकदा ते पोट मला घासून जात असताना आतून मला चक्क लाथ बसली. ओरडून सांगावंसं वाटलं. पण मला कुरकुरण्यापलीकडे काही येत नाही, आणि कुरकुरले की मास्तर बिजागऱ्यांत तेल घालतात.

मग एके सकाळी पैलवान अडकलाच. डोकं स्वयंपाकघरात, पोट अंगणात. काकूंनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि सुताराला बोलावलं. तो अंगणात करवत घेऊन बसला, पण मास्तर दाराला हात लावू देईनात. आधी तेल लावून पाहिलं, मग साबण. थोड्या वेळाने पैलवान ओरडायचाच थांबला. तेव्हा मी खरोखर घाबरले. ज्याच्यासाठी मला घडवलं, त्याचाच जीव माझ्यात जाणार होता.

आपलं माप बरोबर आहे हे दाखवायला मास्तर शेवटी अंगणात गुडघ्यांवर बसले. त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच पाहिला. त्यांनी पोटाभोवती टेप घातली आणि त्यांचा हात एका जागी थांबला. त्यांनी तो उचलला, पुन्हा हलकेच ठेवला.

“अगं,” ते बंद दारातून काकूंना म्हणाले, “पैलवानाला दिवस गेलेत.”



“आणि तुम्ही तिचं जेवण तोडलंत,” काकू म्हणाल्या.

मास्तरांनी टेप सोडवली, ती गळ्यात न घालता खिशात ठेवली. मग सुताराला म्हणाले, “माप माझंच चुकलं. कापा दार.”

चार दिवसांनी तीन पिल्लं झाली. दाराला आता ऐसपैस झडप आहे आणि मी पिल्लांच्या खोक्याला लागले आहे. आई अजून पैलवानच. मास्तर दर रविवारी पिल्लांची पोटं मोजतात. खांद्याचं नाव काढत नाहीत.

पिल्लं तुरुतुरु माझ्यातून जातात, पण आठवड्यागणिक जागा कमी होतेय, मला कळतंय. एक दिवस मी पुन्हा लहान पडेन. तेव्हा कृपा करून त्यांची वाटी अर्धी करू नका. मला काढा.