पुसण्याआधी

मित्रांनो, मी गोल्फची एक जुनी काठी आहे. सात नंबरची आयर्न, म्हणजे लोखंडी डोक्याची काठी. आमच्या घराण्यात नंबरावरूनच ओळख असते. लहान नंबरवाल्या चेंडू लांब पाठवतात, मोठ्या नंबरवाल्या उंच उडवून जवळ टाकतात आणि मी अधलीमधली. म्हणून नवशिक्याच्या हातात आधी मलाच देतात, आणि चेंडू भलतीकडे गेला की बोलणीही मीच खाते.

कारखान्यात मला तापवलं, ठोकलं, घासलं, तोंडावर, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या सपाट बाजूवर, बारीक आडव्या खाचा पाडल्या. मग दुकानातून एका चष्मेवाल्यांनी मला घरी आणलं. हे गृहस्थ दिवसभर लोकांचे डोळे तपासायचे आणि काचा पुसायचे. पुसायची इतकी सवय की हातात आलेली वस्तू, मग ती चमचा असो की चावी, पुसल्याशिवाय ते खाली ठेवत नसत. माझी तर चैनच झाली. खेळून आलं की ओल्या फडक्याने माती, कोरड्या फडक्याने पाणी आणि दातांच्या जुन्या ब्रशने खाचा. पिशवीतल्या बाकीच्या काठ्या माझ्यावर जळत.

पुढे त्यांची शाळकरी मुलगी माझ्याबरोबर खेळू लागली. तिचा एक फटका असा देखणा बसे की शेजारचे लोक मान वळवून बघत, आणि पुढचाच चेंडू बेडकासारखा टुणटुण उड्या मारत जाई. सातत्य म्हणून नव्हतं. मग बाबांनी एक युक्ती काढली. माझ्या तोंडाला टाल्कम पावडर फासायची. चेंडू जिथे लागेल तिथली पावडर उडते आणि गोल ठसा उरतो. सगळे ठसे मधोमध, एकाच जागी पडले की फटका जमला. तेव्हापासून मी लग्नाला निघाल्यासारखी नटून मैदानावर जाऊ लागले.

युक्ती चांगली होती, पण बाबांना गप्प बसवेना.

"डोकं हलवू नकोस."

पुढच्या चेंडूला, "कोपर सरळ ठेव."

त्याच्या पुढच्याला, "एवढी घाई कसली? आणि गुडघे कुठे गेले?"

बिचारीने एका वेळी काय काय सांभाळायचं? ठसा कधी टोकाला पडे, कधी टाचेला, म्हणजे दांड्याजवळ. टोकाला लागला की माझ्या दांड्यातून झिणझिण्या थेट तिच्या हातात जात आणि ती ओठ आवळून उभी राही. बाबा प्रेमापोटीच बोलत होते हो! पण तिला हवं होतं एवढंच, की त्यांनी एकदा तोंडभरून 'जमलं' म्हणावं. तिने मैत्रिणीला तसं सांगितलेलं मी पिशवीतून ऐकलं आहे.

एका दुपारी बाबांना दुकानातून निघता येईना. ती एकटीच मला घेऊन मैदानावर आली. तिने पावडर लावली, चेंडू नेहमीच्या जागी ठेवला, एक श्वास घेतला आणि मारला. मी आधी चेंडूला लागले, मग गवताला, अगदी जसं लागायला हवं तसं. पुन्हा तसंच. पुन्हा तसंच. माझ्या तोंडावर मधोमध एक ठसा उमटला आणि पुढचे सगळे त्याच्यावरच बसत गेले. चेंडू बरोबर मध्यावर लागला ना, की आम्हाला काही लागल्यासारखं वाटतच नाही. इतकं सुख मला त्याआधी कधी झालं नव्हतं.

तिने मला पुसलं नाही. वाऱ्याने पावडर उडू नये म्हणून हाताचा आडोसा धरत मला घरी आणलं, बाबांच्या खुर्चीशेजारी उभं केलं आणि ती हातपाय धुवायला गेली. तेवढ्यात बाबा दमूनभागून आले.

"काय ही पोरगी! काठी पुसून ठेवायची एवढंही कळत नाही," म्हणत त्यांनी फडकं ओलं केलं.

मित्रांनो, मला तोंड आहे, पण ते बोलायचं नाही. आजवर या गोष्टीचं जेवढं वाईट वाटलं, तेवढं कशाचंच वाटलं नाही.

ती बाहेर आली तेव्हा मी लखलखत होते. तिने मला पाहिलं, मग बाबांच्या हातातलं फडकं पाहिलं.

"अगं, हिची निगा राखायला नको का? किती वेळा सांगायचं?"

"हो बाबा," ती म्हणाली. बस्स, एवढंच. पुढच्या आठवड्यात तिने अभ्यासाचं निमित्त काढलं, मग पाठदुखीचं. पुढे पुढे निमित्तही लागेना.

मी कोपऱ्यात स्वच्छ उभी राहिले. माझी रबरी मूठ कडक होऊन तडकली. मुलगी नोकरीला परगावी गेली. मागच्या खेपेला ती घरी आली तेव्हा बाबांनी मला पुसता पुसता विचारलं, "इतकं छान खेळायचीस. मग का सोडलंस गं?"

"छान? मला कधी बोलला नाहीत ते," ती हसली. मग तिने त्या दुपारची गोष्ट सांगितली आणि म्हणाली, "जाऊ द्या बाबा. जुनी गोष्ट."

बाबांचा हात थांबला.

हल्ली ते एकटेच मला मैदानावर नेतात, पावडर लावतात, म्हाताऱ्या हातांनी चार चेंडू मारतात. घरी आल्यावर लगेच पुसत नाहीत. खिडकीपाशी बसून, चष्मा कपाळावर सरकवून, माझ्या तोंडाकडे बघत राहतात. तिथे त्यांचेच वेडेवाकडे ठसे असतात. "जमलं होतं गं तुला," ते मलाच म्हणतात.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना जपा, पुसा, आमची निगा राखा. फक्त फडकं उचलण्याआधी एकदा नीट बघा. कुणीतरी तुम्हाला दाखवायला काही ठेवलेलं असेल.