पुसलेलं पहिलं अक्षर

मी चांगुणाची शिलाई मशीन बोलतेय. माझ्या काळ्या अंगावर सोनेरी इंग्रजी अक्षरं होती. बी, आय, एम, ए. बॉम्बे इंडस्ट्रियल मशीन असेंब्ली, असं कंपनीचं लांबलचक नाव. ते कुणाच्या तोंडात बसेना. उल्हासनगरात मला विकणारे लीलाराम शेठ ‘बीमा’ म्हणायचे. गिऱ्हाइकं हसायची, “विमा? म्हणजे मेल्यावरच उपयोगाची!”

चौऱ्याऐंशी साली चांगुणा आणि तिचा नवरा शिवराम मला अंबरनाथला, बुवापाड्यात घेऊन आले. शिवरामला इंग्रजी अक्षरं अडखळत लागायची. त्यानं बोट ठेवून वाचलं, “भी... मा. जय भीम! अगं, आपल्या भीमाचं नाव हाय हिच्यावर.”

चांगुणाला वाचता येत नव्हतं. तिनं पहिल्या अक्षराला बोट लावलं आणि कपाळाला टेकवलं. पुढे रोज सकाळी तेच. मगच पहिला टाका.

ते वाचन चुकीचं होतं, मला ठाऊक होतं. पण मला तोंड असतं, तरी मी सांगितलं नसतं.

अठ्ठ्याऐंशीत शिवरामचा कारखाना बंद पडला. घर माझ्यावर आलं. त्यातच माझं चाक अडकू लागलं, म्हणून तिनं मला लीलाराम शेठकडे दुरुस्तीला ठेवलं. शेजारी माझ्याच कंपनीची एक मशीन होती, शिवमंदिराजवळच्या हरिचंद्र शिंप्याची. शेठ कापडाचा गठ्ठा ओढत असताना ती खाली पडली आणि तिची मान तडकली. त्याच गडबडीत आमच्या मालकांच्या नावाच्या चिठ्ठ्याही गळून गेल्या.

दुसऱ्या दिवशी हरिचंद्र आधी आला. शेठनी चांगली दिसणारी, म्हणजे मी, त्याला दिली. त्यानं मला गोणपाटात गुंडाळलं आणि सायकलच्या कॅरिअरला दोरी बांधायला घेतली. तेवढ्यात चांगुणा आली.

“शेठ, माझी भीमा कुठंय?”

“भीमा नावाची मशीन येतच नाय, बाई. बीमा बोलो. तुमची ती, कोपऱ्यातली.”

तडकलेल्या मशीनकडे पाहून ती जागीच थांबली. “ही माझी न्हाई.”

हरिचंद्रानं मान वर केली नाही. आपल्याही घरात खाणारी पाच तोंडं आहेत, असं काहीतरी पुटपुटला आणि गाठ आवळली. गोणपाटाच्या फटीतून मी सगळं पाहत होते.

“भाऊ,” चांगुणा हळू म्हणाली, “तुमच्या मशीनवरची नावाची अक्षरं सगळी हायत?”

“आहेत. का?”

“माझ्या भीमाचं पहिलं न्हाई. रोज बोट लावून गेलं.”

मग आवळलेली गाठ त्यानंच सोडली. गोणपाट बाजूला झालं. तीन अक्षरं चमकत होती. पहिल्याच्या जागी नुसतं काळं लोखंड. तो कोपऱ्यात गेला, तिथल्या मशीनवरची धूळ त्यानं अंगठ्यानं पुसली. चारही अक्षरं शाबूत.

“ताई, न्या तुमची,” तो म्हणाला. शेठनी खाली मान घालून त्याला दुसरी मशीन द्यायचं कबूल केलं.

या गोष्टीला दहा वर्षं झाली. आता चांगुणाला सुईत दोरा ओवता येत नाही. मी खिडकीशी असते. परवा शाळेत जाणारी तिची नात उरलेली अक्षरं जुळवत म्हणाली, “आजी, हिचं नाव इमा आहे.” चांगुणा हसली आणि तिनं रिकाम्या जागेला बोट लावलं.

आता मला रंग द्यायचं घरात चाललंय. द्या. पण तेवढी जागा सोडा. वाचता न येणाऱ्या माझ्या बाईनं आयुष्यभर तेवढंच एक अक्षर वाचलंय.