होडीचा वाटा

मित्रांनो, वेसाव्याच्या वाळूत एका कुशीवर कलंडलेली जुनी होडी दिसली, तर ती मीच.

भिकाजींनी मला सागाच्या फळ्यांतून घडवून घेतलं. दर्यावरून परतलं की मासळीचे वाटे पडत: प्रत्येक खलाशाचा एक, जाळ्याचा एक आणि होडीचा एक. होय, माझाही वाटा असे! त्यातून माझ्या फटींत कापूस भरत, अंगाला तेल चोळत. पुढे भिकाजींनी इंजिनाची बोट घेतली. मी किनाऱ्यावर राहिले आणि माझा वाटा बंद झाला. तळाची एक फळी निखळली, ती तशीच आहे.

भिकाजींची मुलगी जया पदार्थविज्ञान शिकली. १९८८ साली तिने आणि तिची मैत्रीण अनुपमा हिने पाण्याची खोली मोजणारं यंत्र बनवलं, कंपनी काढली. जुहूचे एक गृहस्थ भांडवल घालून भागीदार व्हायला तयार झाले. कोणाकडे किती शेअर राहतील, याचा तक्ता त्यांनी मागितला. जयाने असा तक्ता कधी पाहिलाही नव्हता. माझ्यातच बसून तिने तो खडूने माझ्या फळीवर मांडला.

"चाळीस तुझे, चाळीस माझे. त्यांना नवे वीस. आणि यंत्राचे वीस."

"यंत्राला कसले शेअर गं?" अनुपमाने विचारलं.

"होडीला वाटा असतो ना!"

अनुपमा हसत सुटली. "अगं येडे, तो मासळीतला. हा तक्ता मालकीचा. यंत्र कंपनीचं, कंपनी आपली. ते कशाला मालक होईल?"

जयाने ती ओळ पुसली, पुन्हा बेरीज केली. "म्हणजे शंभरात चाळीस. शेअर तेवढेच, पण माझी निम्मी मालकी चाळीस टक्क्यांवर आली." तक्ता तिला उमगला. तरी ती पुसलेल्या जागेकडे बघत राहिली.

"मग यंत्राची डागडुजी?"

"नफ्यातून करायची. आठवण राहिली तर."

भिकाजी जाळं घेऊन चालले होते. जयाने हाक मारली, "बाबा, हिची फळी कधी बसवणार?"

"दर्यावर जात नाय ती. वाटा नाय, मग फळी कुठची, बाय?"

"मी बसवीन. पहिला नफा येऊ दे."

भांडवल मिळालं. दोघींनी अंधेरीत गाळा घेतला. त्यानंतर दोन पावसाळे गेले. जया विसरली, असं मला वाटत नाही; नफाच आला नसेल. भरतीला उघड्या तळातून पाणी आत शिरतं. क्षणभर वाटतं, आपण निघालो. मग ओहोटी लागते.

मित्रांनो, तुमच्यासाठी राबणाऱ्या वस्तूंचं नाव कुठल्याच तक्त्यात नसतं. त्यांच्यासाठी थोडं आधीच बाजूला काढा. उरलं तर बघू, असं म्हणू नका.