मी उर्होच्या पाठीमागचा गोलपोस्ट

सहा फूट रुंद आणि चार फूट उंच तोंड घेऊन मी जन्माला आलो, आणि ते मिटायची सोय कुणी ठेवली नाही. मी गोलपोस्ट. बर्फावरच्या हॉकीचा. दोन लाल खांब, वर एक आडवा दांडा आणि पाठीला पांढरं जाळं, एवढाच माझा देह. काळी रबरी चकती माझ्या पोटात शिरली की हॉलमधले निम्मे लोक नाचतात आणि उरलेले माझ्याकडे असं बघतात, जणू मीच तिला आवतण दिलं होतं.

मला एका शिट्टी वाजवणाऱ्या वेल्डरनं बनवलं. माझ्याबरोबर माझा जुळा भाऊही जन्मला. एका ट्रकमधून आम्ही दोघं कैवोलाम्पी गावी आलो, तळ्याकाठच्या हॉलमध्ये. तिथं त्याला एका टोकाला उभं केलं आणि मला दुसऱ्या. त्यानंतर आमची गळाभेट फक्त उन्हाळ्यात, बर्फ वितळवून आम्हाला गोदामात टाकत तेव्हा. माणसं भावाभावांत भिंती घालतात म्हणे. आमच्यात नुसता बर्फ होता, तरी भेट होत नसे.

आता माझ्या पायांबद्दल सांगतो, कारण सगळं रामायण तिथूनच घडलं. माझे खांब खालून पोकळ. हॉलचा बर्फ सांभाळणारा रेइनो बर्फात दोन भोकं पाडायचा, त्यात रबराच्या खुंट्या ठोकायचा आणि मला त्या खुंट्यांवर बसवायचा. कुणी जोरात येऊन आदळला तर मी निसटतो, म्हणजे खेळाडूची हाडं शाबूत राहतात. मी निसटलो की रेफरी शिट्टी वाजवतो आणि खेळ थांबतो. त्यानंतर चकती आत आली तरी तो गोल धरत नाहीत.

आमच्या संघाचं नाव कुईक्का. आमच्या तळ्यातला तो बुड्या मारणारा पक्षी. पाहुण्या संघांना आयतंच सापडायचं. "काय रे, या वर्षी बुडी मारली की वर येणार का नाही?" असं ते वरच्या बाकांवरून ओरडायचे. सामन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या भागात कुईक्का माझं रक्षण करायचे, मधल्या भागात पाहुणे. जादा वेळ खेळायची पाळी आली तर पुन्हा पाहुणे माझ्यापुढे.

कुईक्काचा गोलरक्षक उर्हो तास्किला. थोराड, अबोल माणूस. माणसांशी जेवढं बोलायचा त्याच्या दुप्पट माझ्याशी. सगळेच गोलरक्षक खांबांशी बोलतात, त्यात वेडेपणा काही नाही. तो माझ्याकडे पाठ करून उभा राहायचा आणि पुटपुटायचा, "म्हाताऱ्या, अंगावर घे, पण आत घेऊ नकोस." चकती माझ्या खांबावर टणकन आपटून परत गेली की मागे वळून म्हणायचा, "उपकार झाले." इतक्या वर्षांत त्यानं मला जागेवरून मुद्दाम कधी हलवलं नव्हतं. पोरगेले गोलरक्षक अडचणीत आले की चोरून कंबर मारतात आणि मला सरकवतात. उर्हो म्हणायचा, घर पाडून चोर पकडत नाहीत.

शेवटचा हंगाम सप्टेंबरात सुरू झाला तो झोकात. पहिले सामने जिंकले आणि हेल्वीबाईंनी मैदानाभोवतीच्या काचेमागून सगळ्यांना दालचिनीचे पाव वाटले. या हेल्वीबाई शाळेत स्वयंपाक करायच्या, आता निवृत्त. त्यांची जागा बरोबर माझ्या पाठीमागे आणि आवाज अख्ख्या हॉलभर. मग कर्णधार आल्पोचा गुडघा दुखावला. नाताळात दोन चांगले खेळाडू दुसऱ्या संघानं पळवले. आम्ही हरू लागलो आणि हरतच राहिलो. हेल्वीबाईंचे पाव बंद झाले, तोंड मात्र चालू राहिलं. "उर्हो, अरे चकती आहे ती, पाहुणी नाही! आत ये, बस, काय म्हणतोस तिला!"

जानेवारीत आम्ही गुणतक्त्याच्या तळाला पोचलो. गावातल्या लाकूडगिरणीच्या जिवावर संघ चालायचा. गिरणीनं सांगून टाकलं, स्पर्धेच्या खालच्या वर्गात गेलात तर आमचा हात सुटला. म्हणजे संघ बंद, आणि संघ नसेल तर बर्फ तरी कुणासाठी गोठवायचा? उर्हो याच बर्फावर लहानाचा मोठा झाला होता. या वयात दुसरा कुठला संघ त्याला घेणार नव्हता. कुईक्का वाचले तरच तो वाचणार होता, आणि हे त्याच्या पाठीकडे बघूनही मला कळत होतं. ती पाठ आता सामना सुरू व्हायच्या आधीच ताठरलेली असे.

एकदा सरावानंतर कोच हाविस्तो माझ्यापाशी आले.

"उर्हो, समोर गर्दी झाली ना, की पडता पडता खांबाला कंबर मारायची. हा सरकला की शिट्टी. तेवढीच आपल्याला उसंत."

"ही लबाडी आहे, कोच."

"तळाला आहोत आपण, बाबा. लबाडी करायला तरी या वर्गात टिकायला हवं ना?"

"आजवर कधी हलवलं नाही मी याला."

"म्हणून तर रेफरीला संशय येणार नाही!"

पुढच्याच सामन्यात आम्ही एका गोलानं पुढे होतो. शेवटी माझ्या तोंडापुढे अशी झुंबड उडाली की उर्हो पालथा पडला आणि चकती मोकळी सुटली. त्याची कंबर माझ्या डाव्या खांबावर आली. मी सरकलो. शिट्टी वाजली, सामना वाचला, हॉल दणाणला. उर्होनं मला पुन्हा जागेवर बसवलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. मला राग आला नाही, खोटं कशाला बोलू? मला त्याची कीव आली.

मग ती सवयच झाली. रेफरी ताकीद द्यायचे, उर्हो भोळा चेहरा करायचा. "घर बदलतोयस का रे?" हेल्वीबाई काचेवर मूठ आपटून विचारायच्या. "सारखा काय खांब हलवतोस!" आम्ही अधूनमधून जिंकू लागलो. आणि रेइनो माझ्यापुढे गुडघे टेकून शिव्या घालू लागला.

"उर्हो, भोकाचे काठ खचलेत. बर्फ आहे हा, सिमेंट नाही."

"पाणी घाल ना मग."

"घालतो रे! पण ते गोठायला वेळ लागतो, आणि तू तेवढा देशील तर शपथ."

हंगामाचा निकाल शेवटच्या सामन्यावर येऊन ठेपला. समोर सार्किला गावाचा संघ. हरेल तो खाली जाणार. हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. भाजलेल्या सॉसेजचा आणि मोहरीचा वास, ओल्या कोटांची वाफ. इतकी माणसं श्वास घेऊ लागली की बर्फाला घाम फुटतो. बरोबरीत तिसरा भाग सुरू झाला आणि सार्किलाची पोरं माझ्यावर तुटून पडली. उर्हो लढला. हातानं, पायानं, छातीनं चकत्या अडवल्या. जमलं नाही तिथं कंबर मारली, पुन्हा मारली, पुन्हा मारली. माझा डावा पाय हलणाऱ्या दातासारखा झाला. पण बरोबरी टिकली.

जादा वेळेआधी रेइनो धावत आला. भोकात बर्फाचा चुरा कोंबला, वर पाणी ओतलं, तळव्यानं दाबून धरलं. "दारं उघडा!" तो ओरडला. "गार हवा येऊ द्या जरा!" गोंगाटात कुणाला ऐकू गेलं नाही. हाविस्तो घाईघाईनं आले. "झालं का?"

"गोठलं नाही अजून."

"चालेल, चालेल. आता ते उभे राहणार इथं, आपण नाही. आपल्याला काय!"

आपल्याला काय! हे शब्द माझ्या कानात अजून आहेत.

जो पहिला गोल करील तो जिंकणार होता. माझ्यापुढे आता सार्किलाचा गोलरक्षक. उर्हो पलीकडच्या टोकाला, माझ्या भावापाशी. मी जीव मुठीत धरून उभा होतो. खाली खुंटी नुसत्या चिखलात होती. देवा, एवढा एक गोल होऊ दे, मग मला खुशाल मोडीत घाल, असं मी मनात म्हणत होतो.

आणि आल्पो सुटला! लंगडत्या गुडघ्यानं दोघांना चकवून तो डावीकडून आला. सार्किलाचा गोलरक्षक आडवा झेपावला, त्याच्या पायावरची गादी मला जराशी घासली. आल्पोनं चकती मारली, ती आत आली, जाळ्यात बसली. हॉल फुटला. हेल्वीबाई काचेला कवटाळून रडत होत्या. पलीकडून उर्हो, एवढा जड माणूस, अंगावरच्या सगळ्या ओझ्यासकट धावत येत होता. हात वर, तोंड उघडं, लहान मुलासारखा.

रेफरी दोन्ही हात आडवे हलवत होता. गोल नाही. चकती रेषा ओलांडण्याआधी खांब जागेवरून सरकला होता.

उर्हो अर्ध्यावर थांबला.

रेफरींनी पडद्यावर पुन्हा पुन्हा पाहिलं आणि तेच सांगितलं. रेइनोनं मला पुन्हा जागेवर बसवलं. खेळ पुन्हा सुरू झाला. थोड्या वेळानं दूरच्या टोकाला सार्किलाची पोरं एकमेकांच्या अंगावर उड्या मारताना दिसली. उर्हो बर्फावर पालथा पडलेला होता. बराच वेळ तो उठला नाही, आणि त्याला उठवायला कुणी गेलंही नाही.

वसंतात संघ बंद झाला. हॉलमध्ये आता गालिचा अंथरून चेंडूफळीचं काहीतरी खेळतात. मला मागच्या भिंतीबाहेर टाकलंय. जाळं कुजलं, खांबांना गंज चढला. भावाला कुठं नेलं ते कळलं नाही.

उर्हो आता नगरपालिकेची रस्त्यावरचा बर्फ काढायची गाडी चालवतो. फेरी संपली की इथं येतो आणि इंजिन बंद करून माझ्यापुढे उभा राहतो. अख्खं गाव रेफरीला शिव्या घालतं. त्यांच्या गोलरक्षकानं खांब मुद्दाम ढकलला, आणि मुद्दाम ढकलला असेल तर गोल धरतात, म्हणजे तो गोल आपलाच होता, असं सगळे म्हणतात. परवा रेइनोही त्याला हेच सांगत होता.

"ढकललं त्यानं! माझ्या डोळ्यांनी बघितलं."

"तू तेव्हा बादली घेऊन पाठमोरा होतास, रेइनो."

"मग पाठीला डोळे आहेत माझ्या! घरी जा तू आता, जेव काहीतरी."

रेइनो गेला. उर्हो खाली वाकला, माझ्या डाव्या खांबावरचा बर्फ पुसला आणि म्हणाला, "तू तरी खरं सांग. त्यानं ढकललं, का माझ्यामुळे?"

खरं मला माहीत आहे. बाजारात जाता जाता कुणाचा खांदा लागावा, तेवढीच ती गादी मला लागली होती. भोक धड असतं तर मी तेवढ्यानं हललोही नसतो.

सोमवारी भंगाराची गाडी येणार आहे. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं, म्हणून तुम्हाला सांगितलं. पण कधी कैवोलाम्पीला गेलात, आणि बर्फाच्या गाडीतून एक थोराड माणूस उतरून त्या गोलाबद्दल विचारू लागला, तर माझ्यावर एवढी दया करा. त्याच्या डोळ्यांत बघून सांगा, ढकललं त्यानं. हवी तर माझी शपथ घ्या, मी वितळून गेलेला असेन.